सिलिअ‍ॅकचं निदान झालंय? मराठी स्वयंपाकघरातून गहू बाहेर काढताना

सिलिअ‍ॅकचा (म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं झिजतं त्या आजाराचा) रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण आधी मोबाइल उघडतात आणि 'ग्लुटेन-फ्री' ब्रेड, बिस्किटं, पास्ता यांच्या किमती बघून हबकतात. तो खर्च तूर्त बाजूला ठेवा. ज्या घरात भाकरी, भात, पोहे, इडली, घावन आणि साबुदाण्याची खिचडी होते, त्या घरात 'आता खायचं काय' हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. डोकेदुखी आहे ती गिरणीची, हिंगाच्या डबीची, पोळपाट-लाटण्याची आणि "एवढंसं खाल्लं तर काय होतंय" म्हणणाऱ्या नातेवाइकांची. म्हणून या लेखात पाककृती कमी आणि या चौघांचा बंदोबस्त जास्त आहे.

आधी निदान पक्कं, मग गहू बंद

हा क्रम उलटा झाला की फार घोळ होतो. पोट फुगतं, जुलाब होतात, कुणीतरी सांगतं म्हणून गहू सोडला जातो, बरं वाटतं, आणि सहा महिन्यांनी तपासणीला गेलं तर रिपोर्ट नॉर्मल. कारण रक्ताची तपासणी आणि एंडोस्कोपीत घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गोष्टी गहू खाण्यात असतानाच खरं सांगतात. मग डॉक्टरांना पुन्हा काही आठवडे गहू खायला लावावा लागतो, आणि ते आठवडे सुखाचे जात नाहीत.

रक्तात बघतात ती मुख्य तपासणी टीटीजी-आयजीए; आयजीए हा शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचा एक प्रकार. तिच्यासोबत एकूण आयजीएसुद्धा मोजायला हवं, कारण काही माणसांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी खोटं-खोटं नॉर्मल येतं. मोठ्या माणसांत निदानाची खातरजमा सहसा एंडोस्कोपीने, लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे तपासून होते.

जुलाब नाहीत म्हणजे सिलिअ‍ॅक नाही, असं समजू नका. मोठ्यांमध्ये कितीदा एकच खूण दिसते: लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन. मुलांमध्ये खुंटलेली उंची. कुणाला कोपरांवर, गुडघ्यांवर खाजरे फोड येतात आणि ते वर्षानुवर्षं त्वचेच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारत राहतात. उत्तर भारतात साधारण १०० माणसांमागे एकाला हा आजार असतो, दक्षिणेत त्याहून बराच कमी आढळतो. आपल्याकडेही अनेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं. तेव्हा रिपोर्टची फाइल जपून ठेवा, पुढे प्रत्येक नव्या डॉक्टरला ती दाखवावी लागणार आहे.

घरच्यांना काय सांगायचं

थोडक्यात आणि एकदाच, सगळ्यांना एकत्र बसवून. गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नातलं सत्त्व शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. ही अ‍ॅलर्जी नाही, नाजूकपणा नाही आणि पथ्य चार महिन्यांनी सुटणारं नाही. आज तरी यावर आहार हाच उपचार आहे, आणि तोही नवी फॅशन म्हणून आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गहू बंद केला की हा आजार असलेली मुलं सुधारतात हे नोंदवलं, आणि १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला.

"एवढंसं" म्हणजे किती, हेही सांगून टाका. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेकांना चालून जातं असं मानतात. एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम असतं. म्हणजे एका पोळीचे दोनशे तुकडे केले तर त्यातला एक. सासूबाईंना मिलिग्रॅम पटणार नाहीत, पण हे दोनशे तुकडे पटतात.

आणि खाल्ल्यावर त्रास झाला नाही म्हणजे चाललं, असंही नाही. काहींना काहीच जाणवत नाही, आतडं मात्र झिजत असतं.

पहिला आठवडा: पिठाला हातच लावायचा नाही

नव्या माणसाला माझा हा एकच हट्टाचा सल्ला. पहिल्या आठवड्यात ज्वारीचं पीठ, बेसन, तांदळाचं पीठ, काहीही दळलेलं आणू नका. का ते पुढे दळणाच्या भागात येईलच. तोवर अख्खं धान्य आणि डाळी निवडून, दोन-तीनदा धुऊन वापरा. काय काय होतं बघा: वरण-भात, मुगाची खिचडी, कांदेपोहे, साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, उकडलेले बटाटे, रताळी, अंडी, मासे, उसळी, ताक, दही, फळं. तांदूळ आणि उडीद भिजवून मिक्सरमध्ये वाटले की इडली आणि आंबोळी. नुसते तांदूळ भिजवून बारीक वाटले, मीठ घातलं, पाण्यासारखं पातळ केलं की घावन. हिरवे मूग भिजवून आलं-मिरचीसोबत वाटले की धिरडी. मिक्सरचं भांडं आधी नीट घासून घ्या, झाकणाच्या रबरी कडेखाली जुनं पीठ अडकलेलं असतं ती कड काढून धुवा.

आठवडाभर हिंगही बंद, का ते 'लपलेला गहू' या भागात येईल. फोडणीत जिरं, कढीपत्ता, लसूण पुरे.

सुरुवातीला दूध पचत नसेल तर घाबरू नका. आतड्याच्या झिजलेल्या अस्तरावरच दुधातली साखर पचवणारं द्रव्य तयार होतं, त्यामुळे काही आठवडे किंवा महिने दूध त्रास देऊ शकतं. दही-ताक बहुतेकांना चालतं, आणि आतडं भरून आलं की दूधही पुन्हा पचायला लागतं.

ओटा आणि भांडी

दोन पर्याय आहेत. एक, घरात गहू आणायचाच नाही. लहान मूल रुग्ण असेल आणि बाकीच्यांची तयारी असेल तर हा सगळ्यात सोपा. दोन, पोळ्या होत राहणार आणि एका माणसाचं वेगळं. आपल्याकडे बहुधा दुसराच चालतो, तेव्हा त्याचे नियम बघू.

लाकडी पोळपाट, लाटणं आणि काथवट वेगळी हवीच. लाकडाच्या भेगांत गेलेली कणीक धुऊन निघत नाही. वर्षानुवर्षं पोळ्या भाजलेला लोखंडी तवा, पिठाची चाळणी आणि टोस्टर यांचंही तसंच. स्टीलची भांडी, कुकर, परात स्वच्छ घासली की चालतात. सगळी भांडी नव्याने घ्यायची काही गरज नाही. वेगळ्या वस्तूंना लाल रंगाचा ठिपका किंवा दोरी बांधा, म्हणजे कामाला येणाऱ्या ताईंनाही रोज सांगावं लागत नाही.

सकाळी आधी भाकरी, मग पोळ्या. उलट नको, कारण कणीक मळताना-लाटताना पीठ उडतं आणि ओट्यावर बसतं. लोणच्याच्या बरणीत, तुपाच्या डब्यात पोळीचा हात गेला की ती बरणी बाद. तूप, लोणी, चटणी रुग्णापुरती वेगळी काढून ठेवा. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात, त्यामुळे त्या तळलेल्या तेलात मग पापड किंवा बटाटेवडे तळायचे नाहीत.

दळण

आता मुख्य विषय. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, हरभरा यांत ग्लुटेन नाही. पण ही धान्यं गिरणीतून पीठ होऊन आली की त्यांचा भरवसा संपतो.

दळण टाकायला गेल्यावर आपण सांगतो, "ज्वारीवर टाका." म्हणजे आधीचं दळण ज्वारीचं असेल त्यावर आपलं घ्या, गव्हावर नको. भाकरीच्या चवीसाठी एवढी काळजी पुरते. सिलिअ‍ॅकसाठी पुरत नाही. गिरणीत शेजारच्याच जात्यावर गहू दळला जात असतो, हवेत पीठ तरंगत असतं, कापडी पिशवीच्या तोंडावर आणि गिरणीवाल्याच्या हातावर ते असतं. शिवाय 'ज्वारीच्या' जात्यावर कुणीतरी थालीपिठाची भाजणी दळून गेलेलं असतं, आणि भाजणीत गहू असतो. गिरणीवाल्याची यात काही चूक नाही. गिरणी सगळ्या गावाची असते.

म्हणून परवडत असेल तर पहिला मोठा खर्च घरघंटीचा करा, ग्लुटेन-फ्री बिस्किटांचा नाही. नवीच घ्या. जुनी घेतली तर आत कुठे कुठे गव्हाचं पीठ बसलंय हे कळत नाही. आणि तीत गहू कधीही, पाहुणे आले म्हणूनही, दळायचा नाही. घरच्या पोळ्यांचा गहू पूर्वीसारखा बाहेर जाऊ दे. शेजारणीने "जरा माझी भाजणी काढून देता का" विचारलं तर सरळ नाही म्हणा. हे नाही म्हणणं जमत नसेल तर घरघंटीचे पैसे वाया गेले समजा.

दळायच्या आधी धान्य ताटात पसरून निवडा. सुट्या ज्वारीत, नाचणीत गव्हाचे चार दाणे सापडतातच, पोत्यांची आणि मापांची अदलाबदल दुकानात चालूच असते. मग सूप फिरवा, पाण्यातून दोन-तीनदा काढा, उन्हात कडकडीत वाळवा आणि दळा. ओलसर राहिलेलं धान्य घरघंटीत अडकतं.

घरघंटी शक्य नसेल तर पाकिटातलं पीठ घ्या, पण ज्यावर 'ग्लुटेन-फ्री' असं स्पष्ट लिहिलंय तेच. नाहीतर भिजवून वाटायच्या पदार्थांवरच जास्त भर ठेवा. डाळीचं पीठ थोडंच लागतं, ते मिक्सरमध्ये हरभराडाळ फिरवून चाळून घेता येतं. सुटं बेसन नको.

आणि एक गैरसमज इथेच निकालात काढू. सांगली-कोल्हापूरकडचा खपली गहू 'ग्लुटेन कमी असतं' म्हणून हल्ली बराच महाग विकला जातो. खपली हा गहूच आहे. मधुमेहवाल्यांनी खावा की नाही ते त्यांचे डॉक्टर बघतील, सिलिअ‍ॅकवाल्याला तो तितकाच वर्ज्य आहे.

भाकरी जमत नसेल तर

पोळ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाची पहिली भाकरी फाटते. बहुतेकदा दोष पिठाचा असतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि ते थापताना तुटतं. बाजरीचं तर कडवट लागायला लागतं. घरघंटीचा हा दुसरा फायदा: आठवड्यापुरतंच दळा.

एका भाकरीचंच पीठ परातीत घ्या. कडकडीत गरम पाणी थोडं थोडं घाला, आधी चमच्याने हलवा, मग हात सोसेल तसं तळहाताच्या खालच्या भागाने रगडून मळा. जितकं मळाल तितकी भाकरी कमी फाटते. थापताना खाली भरपूर पीठ, बोटं कडेकडेने फिरती. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाका, लगेच वर पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा. दुसरी बाजू भाजली की तवा काढून पहिली बाजू थेट आचेवर धरा, फुगते. तांदळाच्या भाकरीला मात्र पाण्याला उकळी आणून, त्यात पीठ घालून उकड काढावी लागते, त्याशिवाय ती मऊ राहत नाही.

डब्यात नेलेली भाकरी दुपारी कडक होते ही तक्रार रास्त आहे. ज्वारी आणि तांदूळ अर्धं-अर्धं घेऊन त्यात चमचाभर इसबगोल घातला, कोमट पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवला, तर प्लॅस्टिकच्या कागदावर पोळीसारखं लाटता येतं आणि घडीही पडते. ग्लुटेन जे चिकटून धरण्याचं काम करतं ते थोडंफार इसबगोल करतो. नाचणी आठवड्यातून तीन-चारदा असू दे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि सिलिअ‍ॅकमध्ये हाडं कमजोर झालेली असणं सर्रास आढळतं.

लपलेला गहू

सगळ्यात आधी हिंग. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग असतो: मूळ हिंग थोडा, बाकी डिंक आणि पीठ. हे पीठ बऱ्याच डब्यांत गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. खडा घेतला म्हणजे शुद्ध, असंही नाही, खडेही बांधलेले असतात. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, डबी फिरवून घटक वाचा. आणि हिंग वाईट म्हणजे हिंग पडलेलं सगळंच संशयित: तयार सांबार मसाला, लोणचं, उडदाचे पापड, हॉटेलातलं वरण. डंकावर कांडून आणलेल्या गोड्या मसाल्यातही हिंग असतो.

मेतकूट. मऊ भात आणि मेतकूट हे आजारी माणसाचं हमखास खाणं, आणि मेतकुटात परंपरेने मूठभर गहू भाजून घालतात. ताप आलेल्या मुलाला आजी प्रेमाने हेच भरवते. गहू वगळून, डाळ-तांदळाचं मेतकूट घरी करून ठेवा, चवीत फरक ओळखू येत नाही.

थालीपिठाची भाजणी वर आलीच. गव्हाऐवजी ज्वारी वाढवा. सातूचं पीठ नको. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत बार्लीचं माल्ट असतं, काहींत गहूही. सोया सॉसमध्ये गहू, बिअरमध्ये बार्ली. ओट्स मुळात वेगळे, पण गव्हाच्या संगतीत पिकतात आणि दळले जातात, आणि काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. पहिलं वर्ष ओट्स नकोच. गोळ्या, चूर्णं, काढे घेताना त्यात कोणता स्टार्च आहे ते औषधवाल्याला विचारा.

उलट, नावामुळे उगीच घाबरवणाऱ्या काही गोष्टी आहेत. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे माल्ट नव्हे. कुट्टूचा गव्हाशी संबंध नाही. अजिनोमोटोत ग्लुटेन नाही. कणकेला हात लागल्याने काही होत नाही, तो हात तोंडात गेला तर होतं.

पाकीट वाचताना

'गव्हाचं नाही' असं दुकानदार शपथेवर सांगतो आणि पाकिटावर सूजी लिहिलेली असते. गहू, आटा, मैदा, रवा, सूजी, दलिया, शेवया, बार्ली, जव, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट: यातलं काही दिसलं की पाकीट खाली ठेवा. भारतात एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन-फ्री' म्हणायला एक किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. घटकांच्या खाली अ‍ॅलर्जीची ओळ असते, ती आधी वाचा, वेळ वाचतो. तेच पाकीट प्रत्येक वेळी वाचा, घटक बदलतात.

ग्लुटेन-फ्री केक-बिस्किटं प्रवासात, मुलांच्या वाढदिवसाला ठीक. रोजचं खाणं म्हणून ती मैद्याच्या बिस्किटांहून चांगली नाहीत: स्टार्च, साखर, तूप.

पंगत, प्रसाद, प्रवास

हॉटेलात "ग्लुटेन आहे का" विचारू नका, "नाही नाही" असंच उत्तर येतं. विचारा: "यात गहू, मैदा, रवा काही आहे का? ग्रेव्ही घट्ट करायला काय घालता? याच कढईत समोसे तळता का?" मैदा आणि रवा म्हणजे गहूच, हे स्वयंपाक करणाऱ्यालाही दर वेळी लक्षात येत नाही, म्हणून तिन्ही नावं घ्यायची. मिसळीचं फरसाण, बटाटेवड्याचं तेल, रवा घातलेला डोसा यांवर माझा तरी विश्वास नाही. साधी इडली आणि खोबऱ्याची चटणी त्यातल्या त्यात बरी, चटणीच्या फोडणीत हिंग नसेल तर. उपवासाचे पदार्थ वेगळ्या तेलात करणारं हॉटेल जवळपास असेल तर तुमचं नशीब थोर.

सणांत आपण फार हरत नाही. उकडीचे मोदक, श्रीखंड, तिळगूळ, अनारसे, बेसनलाडू, चकली, चिवडा, नारळाच्या वड्या हे सगळं घरच्या पिठात होतं. जातात ती शंकरपाळी, करंज्या, चिरोटे, तळणीचे मोदक आणि पुरणपोळीची पोळी. पुरण वाटीत घेऊन तुपाबरोबर खाता येतं, फक्त ते पोळ्या लाटायच्या आधी वेगळं काढा. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा; प्रसाद हातात घ्यावा, डोळ्यांना लावावा आणि शेजारच्याला द्यावा, कुणी नाव ठेवत नाही. आपल्याच घरी पूजा असेल तर भटजींना विचारून नैवेद्य भगरीच्या शिऱ्याचा करा. वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरांत हाच प्रश्न कम्युनियनचा: ती भाकर गव्हाचीच लागते, पण अगदी कमी ग्लुटेनची भाकर चर्चला मान्य आहे, किंवा नुसता द्राक्षारस घेता येतो. फादरशी आधी बोला.

लग्नाच्या पंगतीत मी घरून खाऊन जायचं सुचवते. तिथे दही-भात आणि फळं. यजमानांना आधी फोन केलात तर भात वेगळा काढून ठेवतात, पण वाढपी तोच डाव पोळीच्या ताटातून भाताकडे नेतो ते कुणाच्या हातात नसतं. प्रवासाला भाकऱ्या, दाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. विमानात ग्लुटेन-फ्री जेवण आधी नोंदवावं लागतं, तरी पिशवीत आपलं असू दे.

शाळेत वर्गशिक्षिकेला डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पत्र द्या, आणि वाढदिवसाच्या खाऊसाठी एक डबा शाळेतच ठेवा. खेळायच्या मऊ रंगीत गोळ्यांत गव्हाचं पीठ असू शकतं, लहान मुलं ते चाटतात.

मुलीचं लग्न जमवताना हा आजार लपवायचा सल्ला देणारे भेटतील. लपवून केलेल्या लग्नात ती रोज दोन पोळ्या गिळणार आहे, एवढं त्यांना सांगा.

चुकून गहू पोटात गेला तर उतारा असा काही नाही. पाणी, जलसंजीवनी, मऊ भात आणि विश्रांती. ग्लुटेन पचवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर विसंबू नका.

पुढच्या तपासण्या

निदानाच्या वेळीच लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉइड बघून घ्या. मोठ्यांनी हाडांची घनता मोजण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि पुढे दरवर्षी. तो आकडा हळूहळू उतरतो, मुलांत लवकर, मोठ्यांत आतडं पूर्ण भरायला दोन वर्षं किंवा जास्तही लागू शकतात. वर्षभरात उतरत नसेल तर आधी हिंग, मसाले, बाहेरचं पीठ आणि औषधं एकेक करून तपासा, मग पोटविकारतज्ज्ञांकडे जा. वजन घटत राहिलं किंवा शौचातून रक्त गेलं तर मात्र थांबू नका.

आईवडील, भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी तपासणी करून घ्या. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहा जणांमागे एकाला हा आजार सापडतो, कितीदा काही लक्षण नसताना. आणि त्यांची तपासणी होईपर्यंत त्यांच्या ताटातली पोळी काढू नका.